चौथा कोपरा

७ सप्टेंबर

काल गणपती गेले आणि आज ड्रोन आला. आमच्या महिला गटात "मी चालवते" म्हणून हात वर करणारी मी एकटीच होते. त्यामुळं पुण्याला जाऊन शिकून आलेली, परवाना मिळवलेली आणि आता वस्तीभर चेष्टेचा विषय झालेली संयोगिता ती मीच. "इमानवाली आली गं!" म्हणून बायका पदराआड हसतात. हसा म्हणावं. तांबेरा पडलेल्या बारा फुटी उसात शिरून एकदा औषध मारून दाखवा, मग बघू कोण हसतंय.

ट्रेनिंगच्या सरांनी सांगितलंय, मशीनचं जे खटकेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. ते लिहीनच. बाकीचंही लिहीन, कारण घरात बोलायला आहे कोण? नवरा, वीरधवल, तिकडं सीमेवर बर्फात. फोन लागला तर लागला. सासूबाई मागंच गेल्या. राहता राहिले सासरे, म्हणजे आबा. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांचं स्पष्टच सांगितलंय. हृदय थकलंय, ऑपरेशन झेपायचं नाही, जपा आणि त्रागा करून घेऊ नका. आबांना त्रागा करू नका म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आज सकाळीच ड्रोनच्या खोक्यावरनं माझ्याशी भांडून झालं. खोकं त्यांना कोंबड्यांना पाहिजे होतं.

९ सप्टेंबर

आपल्याच रानात पहिलं उड्डाण! सकाळी वारा पडलेला होता. आमचा बांध नदीकडं जाणाऱ्या पाणंदीच्या वाटेला जिथं मिळतो त्या टोकाला उभी राहिले आणि ड्रोन उडवला. ही उभी राहायची जागा पडद्यावर शून्य-शून्य धरतात. तिथनं पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती मीटर, असा बाकी सगळ्याचा पत्ता.

अर्धं रान झालं आणि रिमोटमधली बाई इंग्रजीत ओरडायला लागली, अडथळा, अडथळा. ड्रोन हवेत जागच्या जागी थांबला. अगं बाई, उसावर कसला अडथळा? ना झाड, ना खांब, ना तार. पडद्यात बघितलं तर तीन ठिपके. एक (९६, १२८), दुसरा (१२८, १०४), तिसरा (३२, −२४). पहिला पाणंदीत, बाकीचे दोन उसात.

आष्ट्याला दहावीच्या क्लासला गणित शिकवलंय मी. तीन बिंदू दिसले की चौथा शोधायची खोड काही जात नाही. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर आलं चाळीस, चढ वजा पाऊण. दुसऱ्या-तिसऱ्यातलं एकशे साठ, चढ चार छेद तीन. दोन्ही चढांचा गुणाकार वजा एक, म्हणजे मधला कोन काटकोन. आयताचे तीन कोपरे झाले की! मग चौथा काढला. आला शून्य, शून्य. म्हणजे माझ्या चपला.

मला हसूच आलं. कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला तर म्हणतो, "मॅडम, ओल्या पानांवरनं सिग्नल परत येतो, तुम्हाला सवय होईल." बरं बाबा.

संध्याकाळी आबांना गंमत म्हणून सांगितलं. तेही आधी हसले. मग म्हणाले, "तिघंच व्हय? आन चौथा?"

"चौथी मीच की, आबा."

त्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली. उठून खाटेवर जाऊन पडले. मला वाटलं, छातीत दुखतंय.

११ सप्टेंबर

आबा खाटेवर बसून बोटं मोजत होते. मला वाटलं, पितृपक्षातल्या म्हाळाला कोण कोण जेवायला येणार त्याचा हिशोब चाललाय.

"कुतुब एक. मानसिंग दोन. इरूला सुट्टी मिळाली तर तीन."

"आवं आबा, म्हाळाला तिघंच?"

"म्हाळाचं न्हाई गं. खांदं मोजतोय."

असं अभद्र बोलल्यावर मी चिडले. ते शांतपणे म्हणाले, "चिडून काय व्हनार? मानूस गेल्यावर त्येला चार खांदं लागत्यात. तिघांनी उचलायचं म्हटलं तर एक कोपरा लोंबतोय. तसला नगं मला."

खोटं तरी काय आहे? भावकीचं आमच्या घरी येणं-जाणं बंद आहे, सुखातही आणि दुःखातही. आबांचे धाकटे भाऊ हरिबा तात्या. वाटणी झाली तेव्हा तात्यांना एक दोरी लांब, एक दोरी रुंद असा चौकोन द्यायचा ठरला, उरलं ते आबांचं. दोरी आबांनी स्वतः धरली. पुढं तात्या म्हणायला लागले, माझं रान कमी भरतंय, सरकारी मोजणी आणतो. झालं! भावावर विश्वास नाही म्हणून आबांनी मोजणीवाल्यांना बांधावरनं हाकलून लावलं आणि तात्यांना सगळ्या भावकीदेखत नको ते बोलले. भावकी तात्यांच्या बाजूनं गेली. त्या दिवसापासून आबांना माणसं दोनच. एक कुतुबुद्दीन चाचा, आष्ट्यात वेल्डिंगचं दुकान आहे त्यांचं, आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. दुसरे शेजारचे मानसिंगभाऊ, रिटायर सुभेदार.

वीरधवल मिळून तीन. पण तो इथं पोचायलाच दोन दिवस लागतात.

आबांना मरणाची भीती नाही वाटत, ह्या चौथ्याची वाटते. ती आता मलाही लागलीय.

१४ सप्टेंबर

आज्जेसासऱ्यांचा म्हाळ. एका म्हाताऱ्याचा म्हाळ, तोच दिवस, तीच तिथी आणि पानं दोन दारांत. भावकी सगळी तात्यांकडं जेवली. आमच्याकडं कुतुबचाचा आणि मानसिंगभाऊ. खीर एवढी उरली की मी रात्री पण तीच खाल्ली आणि सकाळी पण.

मानसिंगभाऊ आबांना म्हणाले, "कृष्णात, गड्या, मिटीव की आता. किती दिस धरून बसायचं?"

आबा म्हणाले, "दोरी मी धरली व्हती. चारी बाजू एकच दोरी. देवासमोर सांगीन."

उजवा खांदा दुखतोय. औषधाची कॅन उचलून उचलून.

१६ सप्टेंबर

पुन्हा तेच. आज (४८, ६४), (६४, ५२), (१६, −१२). वाचताक्षणी ओळखलं. त्या दिवशीच्या आकड्यांचे बरोबर निम्मे! लांबी ऐंशी, रुंदी वीस. चढ दोन्ही जसेच्या तसे, आणि चौथा कोपरा पुन्हा शून्य-शून्य.

ओली पानं सिग्नल परत पाठवतील, मान्य. पण पानं भागाकार करतात काय?

एक मात्र कळलं. आयताच्या लांब बाजूचा चढ आणि पाणंदीचा चढ एकच आहे, चार छेद तीन. म्हणजे आयत पाणंदीला धरून पडलाय, तोंड नदीकडं, मसणवट्याच्या बाजूला. म्हणून वाटतंय, पाणंदीतल्या दगडगोट्यांमुळंच काहीतरी होत असणार. इंजिनिअरला हे सांगितलं तर "असू शकतं मॅडम" म्हणाला. त्याला काय, काहीही असू शकतं.

ट्रेनिंगमध्ये मिळालेल्या निळ्या जाकिटाच्या उजव्या खांद्यावर काळं लागलंय. बॅटरीची काजळी असावी. वास मात्र बुक्क्यासारखा येतोय.

१८ सप्टेंबर

आज बांधावर हरिबा तात्या आले! मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांची पाठच जास्त बघितलीय.

"पोरी, माज्या तुकड्यावर मारशील का औशीद? तांबेरा लय पडलाय."

"आबांना विचारते."

"त्येला कशाला इचारतीस? मशीन गटाचं हाय का त्येचं?"

हे बरोबरच होतं. ड्रोनला आधी रानाचे चार कोपरे दाखवावे लागतात. तात्या विळ्यानं पाचट बाजूला करत पुढं आणि मी रिमोट धरून मागं, असं चारी कोपऱ्यांवर फिरलो. सुरुवात बांधाच्या त्याच टोकापासनं केली.

(०, ०), (१००, ०), (१६०, ८०), (६०, ८०).

"चौकोन चांगला हाय न्हवं?" तात्या म्हणाले. "चारी बाजू एकाच दोरीच्या. माजी तक्रार दोरीची न्हाईच. दोरी खरी, तरी बी ऊस कमीच निघतोय. मी काय यडा हाय व्हय?"

मी तिथंच बांधावर बसले आणि अंतरं काढली. चारी बाजू शंभर, एक मीटर इकडं नाही की तिकडं नाही. मग कर्ण काढले. एक आला एकशे एकोणऐंशीच्या आसपास, दुसरा त्याच्या बरोबर निम्मा. खालच्या बाजूचा चढ शून्य, पाणंदीकडच्या बाजूचा चार छेद तीन. काटकोन कुठंच नाही.

अरे देवा. हा चौरस नाहीच. हा समभुज चौकोन आहे, कलंडलेला! आबांनी चारी बाजू मापल्या, पण कर्ण कुणी मापला? पाणंद तिरकी जाते, तिला धरून दोरी टाकली आणि सगळा तुकडा तिच्यासंगं तिरका झाला. बाजू तेवढ्याच राहिल्या, आतली जमीन कमी झाली. चौरसात जेवढी मावली असती त्यातला पाचवा हिस्सा तात्यांना मिळालाच नाही. जवळजवळ वीस गुंठे, आणि ते आमच्याकडं आलेत.

आबा खोटं बोलले नव्हते. तात्याही नाही. एवढी वर्षं दोघंही खरंच बोलत होते.

१९ सप्टेंबर

झोप लागली नाही. आबांना सांगितलं आणि त्यांना काही झालं तर? नाही सांगितलं तर चौथा खांदा कुठनं आणू?

२० सप्टेंबर

आधी तात्यांना सांगितलं. त्यांच्या ओसरीवर बसून कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद बघितलाच नाही.

"जमीन नगं मला, पोरी. पोराला आनी मला पुरतंय तेवढं हाय. त्यानं माज्या दारात येऊन एकदा म्हनावं, हऱ्या, माप चुकलं. बास."

"आणि म्हणाले तर? तुम्ही याल?"

कुठं, ते मी बोलले नाही. त्यांना कळलं. "भाऊ हाय त्यो माजा," म्हणाले आणि आत गेले.

बांध उतरून येताना बुक्क्याचा वास पुन्हा आला. आसपास कुणाचं घर नाही की देऊळ नाही.

२३ सप्टेंबर

आज मला भीती वाटली. लिहायला लाज वाटते, पण वाटली.

तात्यांच्या तुकड्यावर औषध मारायला लागले. परतीला ड्रोन माझ्याजवळ आला आणि तिथंच अडला. रिमोटमधल्या बाईची ओरड सुरू. मी आपली नेहमीसारखी "आला बाई अडथळा" म्हणत पडद्यात बघितलं. (१२, १६), (१६, १३), (४, −३). वीस मीटर लांब, पाच मीटर रुंद. तिसरा ठिपका माझ्यापासनं पाच मीटरवर.

पाच मीटर म्हणजे हे इथं. तिथं काही नव्हतं.

ड्रोन आपोआप थांबला तरी औषध लगेच बंद झालं नाही. पाणंदीच्या धुरळ्यावर, उसाच्या सरीत, सगळीकडं थेंब पडले. जमीन काळी झाली. तीन जागा तेवढ्या कोरड्या राहिल्या, छत्रीखाली राहते तशा. जाऊन बघितलं. ठिपके जिथं तिथंच त्या होत्या. प्रत्येक जागा एका माणसाला उभं राहायला होईल एवढी. आणखी एक कोरडी जागा माझ्या पायाखाली होती, पण ती तर असणारच, मी उभी होते ना.

तात्यांचा कुत्रा पाणंदीत आला, त्या कोरड्या जागांना वळसा घालून उसात शिरला.

आबांनी संध्याकाळी विचारलं, "आज कुठवर आलं?"

पहिल्या दिवसानंतर मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. "कोण, आबा?"

"तुजं ते ठिपकं."

"जवळ आलेत."

त्यांनी मान हलवली. भाकरी मात्र दोन खाल्ल्या, बऱ्याच दिवसांनी.

२४ सप्टेंबर

सांगून टाकलं.

चढ, कर्ण असलं काही बोलले नाही. उसाची चार सारखी कांडकी तोडली, टोकं सुतळीनं बांधली आणि खाटेवर चौरस मांडला. मधे ज्वारी भरली, काठोकाठ. मग एका कोपऱ्याला धरून चौकोन हळूच तिरका केला. कांडकी तीच, लांबी तीच. ज्वारी बाहेर सांडायला लागली.

आबा सांडलेल्या दाण्यांकडं बघत राहिले. मी त्यांच्या छातीकडं बघत होते.

"म्हंजी दोरी खरी," ते म्हणाले, "आन माप खोटं?"

"हो आबा."

"आन ही सांडली ती ज्वारी?"

"आपल्या रानात."

त्यांनी एक-एक दाणा उचलून मुठीत घेतला. म्हणाले, "मी त्येला चोर म्हनलो, संयू. समद्या भावकीत. माज्या आईच्या पोटच्याला." आणि रडले. मी पण रडले, उगाच कशाला खोटं लिहू? पण छातीत दुखलं नाही. रात्री दोन वेळा उठून श्वास बघितला, व्यवस्थित होता.

२६ सप्टेंबर

आबा तात्यांच्या दारात गेले! मानसिंगभाऊंनी एक हात धरला, मी दुसरा. एवढं चालायला किती वेळा बसले असतील. दारात उभे राहून म्हणाले, "हऱ्या, माप चुकलं. माजं चुकलं."

तात्या पायरीवर होते. उठून दाराकडं वळले. मला वाटलं झालं, आता दार लावतात. मग आत बघून ओरडले, "च्या टाका गं! थोरला आलाय."

परत येताना आबा म्हणाले, "आता झालं चार." कुतुब, मानसिंग, हऱ्या, इरू. तात्यांचा मुलगा अर्जुना मडकं धरायला. बोटं मिटून मूठ केली आणि मला दाखवली, लहान पोरासारखी. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

आता ते ठिपके जातील असं का वाटतंय कुणास ठाऊक. त्यांचा आणि ह्याचा काय संबंध?

२८ सप्टेंबर

गेले नाहीत.

(१.२, १.६), (१.६, १.३), (०.४, −०.३).

आज ड्रोन उडवला पण नव्हता. नुसता चालू करून बांधावर ठेवला, पंखे बंद, तोवर ओरड. हात-चार हात अंतरावर आले होते. एक माझ्या उजव्या कोपराशी, दोन पुढं. मी उजवा हात लांब केला. तिथली हवा गरम होती, गर्दीत शेजारच्या माणसाची लागते तशी. मी हात मागं घेतला आणि पडद्यात बघत हिशोब केला, कारण दुसरं काय करू?

दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. आयतच. लांबीच्या चौथाई रुंदी. एवढ्या मापाचं काय असतं? दार? खाट याहून रुंद असते. शिडी म्हणावी तर तिला चार माणसांचं काय काम? नुसतं डोकं शिणलं.

खांदा आता सुजलाय. मानेपासनं आडवा वळ उठलाय. जाकीट काढून बघितलं, काळं अजून तिथंच, दोनदा धुतलं तरी.

मशीन शेडात ठेवलं, बॅटऱ्या काढून घरात आणल्या. इंजिनिअर येईपर्यंत हात लावणार नाही.

३० सप्टेंबर

भावकीचा नवीन राग ऐका. हरिबानं आम्हाला न विचारता कसं मिटवलं? म्हणे, आम्ही एवढी वर्षं ह्याच्यापायी तोंडं फिरवून बसलो आणि हा दोन कप चहावर मोकळा! आता दोघांशीही बोलणं बंद. तात्या हसून म्हणाले, "बरं झालं, लगीनकार्यात जेवनं कमी." आबांना इतकं हसू आलं की पाणी द्यावं लागलं.

२ ऑक्टोबर

दसरा. तात्या सोनं द्यायला आले. दोन्ही भाऊ आपट्याची पानं हातात घेऊन उगाच एकमेकांना मिठी मारून उभे. कुतुबचाचाही आले होते. मी पुरणपोळ्या केल्या. वीरधवलचा फोन लागला, आबा त्याला म्हणाले, "यायची घाई करू नगंस. हितं मानसं हायती." एवढा आनंदाचा दिवस ह्या घरात मी बघितलाच नव्हता.

५ ऑक्टोबर

आबा गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर झोपेतच गेलेले होते. चेहरा शांत. आज सावडणं झालं, त्यासाठी वीरधवल कसाबसा पोचला. आता तो झोपलाय. मला परवाचं लिहून काढलं पाहिजे.

आभाळ भरून आलं होतं, नदीला पाणी चढत होतं, थांबता येण्यासारखं नव्हतं. वीरधवलनं फोनवर सांगितलं, माझ्याऐवजी अर्जुनाला अग्नी देऊ द्या. भावकीचे पुरुष लांब बांधावर उभे राहिले, अंगणात कुणी आलं नाही. गावातनं आले ते सगळे काठी टेकत येणारे म्हातारे. म्हणून अर्जुना मडकं धरून पुढं, त्याला खांदा देता येत नव्हता. आबांना मी स्वतः बुक्का लावला, तेव्हा माझा हात थांबला. हा वास मी इतके दिवस अंगावर घेऊन फिरत होते. तिरडीकडं बघितलं. बांबू दोन मीटर. मधलं अंतर अर्धा.

तेव्हा कळलं. इतकी शिकलेली मी आणि मला तेव्हा कळलं.

पुढं कुतुबचाचा आणि मानसिंगभाऊ वाकले, मागं तात्या. डावीकडचा मागचा कोपरा जमिनीवर राहिला. तात्यांनी बांधावरच्या भावकीकडं एकदा बघितलं. कुणी हललं नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "धर पोरी."

म्हाताऱ्या बायका कालवा करायला लागल्या, बाईमाणसानं खांदा द्यायचा नसतो म्हणून. तात्या ओरडले, "मग तुमी द्या!" मी पदर खोचला आणि उजवा खांदा बांबूखाली घातला. वळ जिथं होता तिथंच बांबू बसला.

आबा जड नव्हते. चारी कोपरे सारखे उचलले गेले, त्यांना पाहिजे होते तसे.

पाणंदीला लागलो. बांधाचं टोक जवळ आलं आणि डोक्यावर घरघर ऐकू आली. मशीन शेडात होतं, बॅटऱ्या घरात, माझ्या पलंगाखाली. आवाज आमच्या वर येऊन थांबला. मानसिंगभाऊंची पावलं चुकली. कुतुबचाचा तोंडातल्या तोंडात दुवा म्हणायला लागले. तात्या माझ्या उजवीकडनं हळू आवाजात म्हणाले, "वर बघू नगं. पाय बघ."

मी पाय बघितले नाहीत, समोर बघितलं. बांधाच्या टोकाला निळं जाकीट घातलेली बाई उभी होती. मान खाली, नजर हातातल्या पडद्यात. "आला बाई अडथळा," म्हणत होती. नुसती मान वर केली असती तर तिला आम्ही चौघं दिसलो असतो, आबा दिसले असते, आबांपाशी अजून दिवस होते ते कळलं असतं. हाक मारली, ती घरघरीत बुडाली. डावीकडची रांग सरळ तिच्यावरनं जात होती. कुतुबचाचा तिच्यातनं पुढं गेले. त्यांनी फक्त खांदा सारखा केला.

आता माझी पाळी होती. ती बाजूला झाली नाही. मी थांबले असते तर तिघांना थांबावं लागलं असतं आणि आबांचा एक कोपरा लोंबला असता. म्हणून मी चालत राहिले.